वॉलआयशी गाठ: सरकत्या बॉबरचं तंत्र

कोकणात गळाने मासे धरायला गरवणं म्हणतात. सामान फार लागत नाही. बांबूची काठी, तिच्या शेंड्याला तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तंगुसाच्या टोकाला गरी म्हणजे गळाचा आकडा, गरीवर गांडूळ आणि मध्ये कुठेतरी मोरपिसाचा देठ, बुचाचा तुकडा, नाहीतर जुन्या चपलेतून कापलेलं रबर. ते रबर हललं की खाली कोणीतरी आलंय असं समजायचं, बुडालं की ओढायचं. वाशिष्ठीच्या काठावर मी याच्यापुढे काही शिकलो नाही. बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका तळ्यावर पहिल्यांदा गळ घेऊन उभा राहिलो, तेव्हा याच भांडवलावर उभा होतो.

पहिल्याच संध्याकाळी एक साधा हिशेब आडवा आला. वॉलआय नावाचा इथला मासा अडीच वाव खोल, म्हणजे पंधरा फुटांवर. हातातली काठी सात फुटांची. बूच तंगुसावर घट्ट बांधलं तर बूच आणि गळ यांच्यात पंधरा फूट तंगूस लोंबणार. बूच काठीच्या शेंड्याच्या कडीतून आत शिरत नाही, त्यामुळे ते शेंड्याशी अडतं आणि गळ मागे जमिनीवर लोळत राहतो. असं लोढणं फेकायचं कसं? कसंबसं फेकलं आणि मासा लागला, तरी गुंडाळताना बूच पुन्हा शेंड्याशी येऊन अडकतं, आणि मासा अजून पंधरा फूट खालीच. मग काठी बाजूला ठेवून विहिरीतून कळशी ओढावी तसा हातांनी दोर ओढत बसा.

या अडचणीवरचा इलाज म्हणजे सरकता बॉबर. बॉबर म्हणजे आपलं बूचच, पण याच्या पोटातून आरपार भोक असतं आणि तंगूस त्या भोकातून मोकळं धावतं. बॉबर दोरीला बांधलेलाच नसतो. मग तो हव्या त्या खोलीवर थांबतो कसा? त्यासाठी दोरीवर एक बारीक दोऱ्याची गाठ मारलेली असते. ही गाठ दोरीला घट्ट धरून बसते, पण बोटांच्या चिमटीत पकडून ढकलली तर वर-खाली सरकते. सगळी करामत त्या गाठीत आहे. बॉबर मोठा आणि रंगीत असल्यामुळे नवा माणूस त्याच्याकडे बघतो. जुना माणूस गाठीकडे बघतो.

आता फेकताना काय होतं ते पाहा. गाठ इतकी बारीक असते की ती काठीच्या कड्यांतून सरळ आत जाते आणि रिळावर गुंडाळली जाते. बॉबर घसरत खाली येऊन शिशाच्या गोळीवर टेकतो. म्हणजे शेंड्याखाली लोंबतो तो फक्त दीड-दोन फुटांचा भाग, अगदी हाताजोगा. फेकलं की बॉबर आणि गळ एकत्रच पाण्यावर पडतात. मग शिशाच्या वजनाने गळ खाली जायला लागतो, दोरी बॉबरच्या पोटातून सरसरत जाते, आणि गाठ बॉबरवर येऊन टेकली की थांबते. गाठीपासून गळापर्यंत पंधरा फूट मोजलेले असतील तर गळ पंधरा फुटांवर. तुम्ही पुन्हा फेका, दहादा फेका, दरवेळी गळ त्याच खोलीवर जाऊन थांबणार.

पाण्यावर हे दिसायला फार छान दिसतं. बॉबर पडतो तो आडवा. दोरी धावत असते तोवर तो आडवाच असतो. गाठ टेकली की एकदम उठून उभा राहतो, वर्गात मास्तर आल्यावर पोरं उभी राहतात तसा. तो उभा राहिला म्हणजे गळ जागेवर पोचला.

दोरीवरचा क्रम असा: सगळ्यात वर गाठ, तिच्याखाली एक छोटा मणी, मग बॉबर, मग शिशाची गोळी, आणि टोकाला गळ. यातला मणी फालतू वाटतो, आणि म्हणूनच तो विसरला जातो. बॉबरचं भोक गाठीपेक्षा मोठं असतं. मणी नसेल तर गाठ त्या भोकातून बिनबोभाट निघून जाते आणि गळ थेट तळाला. मण्याचं भोक गाठीपेक्षा लहान, आणि मणी स्वतः बॉबरच्या भोकापेक्षा मोठा, एवढंच त्याचं काम. माझा पहिला जून महिना या मण्यावाचून गेला. बॉबर दिवसभर आडवा पडलेला, मी काठावर बसून ‘आज मासा नाही’ असं सगळ्यांना सांगतोय, आणि गांडूळ तळाच्या चिखलात निवांत.

गाठ दुकानात तयार मिळते, बारीक नळीवर गुंडाळलेली. नळीतून तंगूस ओवायचं, गाठ नळीवरून तंगुसावर ढकलायची, नळी काढायची आणि दोन्ही टोकं ओढायची. ओढण्याआधी आणि सरकवण्याआधी प्रत्येक वेळी थुंकी किंवा पाणी लावायचं, नाहीतर घर्षणाने तंगूस जळतं आणि ऐन वेळी तिथेच तुटतं. गाठीऐवजी लावायचे रबराचे तयार मणीही मिळतात, पण ते कड्यांतून जाताना कधीकधी अडखळतात. मला दोऱ्याचीच गाठ बरी वाटते.

आता ज्याच्यासाठी ही खटपट, तो वॉलआय कोण? उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला पर्च कुळातला हा मासा. अंग लांबट, सोनेरी झाक असलेलं हिरवट, पाठीवर काटेरी पर, शेपटीच्या खालच्या टोकाला चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा ठिपका. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्याचा मासा ठरवलं. कॅनडात याच माशाला लोक पिकरेल म्हणतात, तेव्हा टोरांटोकडच्या मंडळींनी पिकरेल म्हणून जो खाल्ला असेल तो हाच. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचं त्याच्यासाठीचं नाव ओगा, आणि ते या सगळ्या नावांपेक्षा जुनं आहे.

नावातला ‘आय’ म्हणजे डोळा, आणि या माशाची सगळी गोष्ट डोळ्यांतच आहे. वॉलआयच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. मांजराच्या किंवा गाईच्या डोळ्यावर रात्री बॅटरी मारली की डोळा चमकतो, तो याच प्रकारच्या थरामुळे. आत आलेला उजेड हा थर परत पडद्यावर फेकतो, म्हणजे त्याच उजेडाचा दोनदा उपयोग होतो. त्यामुळे तिन्हीसांजेला, पहाटे, गढूळ पाण्यात वॉलआयला जितकं दिसतं तितकं त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. त्याचं आवडतं खाणं म्हणजे पिवळा पर्च, त्याच्याच कुळातला लहान भाऊ. पर्चचे डोळे दिवसाच्या उजेडाला बनलेले. सूर्य कलला की पर्चला अंधारून येतं आणि वॉलआयची पंगत बसते.

वॉलआय कधी आणि कुठे मिळेल या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातूनच निघतं. स्वच्छ आकाश, शांत पाणी, भर दुपार, ही सहलीला उत्तम वेळ, वॉलआयला नाही. त्या वेळी तो खोल जातो, नाहीतर गवताच्या सावलीत दडतो. ढग आले, वारा सुटला, पाण्यावर फूट-दीड फुटाच्या लाटा उठल्या की उजेड फुटतो, खाली जाणारी किरणं विस्कटतात, आणि तो दिवसाही उथळावर येऊन खायला लागतो. अशा लाटांना इथे वॉलआय चॉप म्हणतात. होडीतल्या पाहुण्यांचे चेहरे पिवळे पडायला लागले की यजमान खूश होतो, असा हा प्रकार आहे.

मिल लॅक्स नावाचं तळं या मासेमारीचं माहेरघर म्हणता येईल. नाव फ्रेंच, अर्थ ‘हजार तळी’, पण तळं एकच. मिनिआपोलिसपासून उत्तरेला साधारण १६० किलोमीटर. विस्तार सुमारे ५३५ चौरस किलोमीटर, काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही, पण खोली जास्तीत जास्त ४२ फूट. परातीत पाणी ओतावं तसं ते आहे. त्या परातीच्या तळाशी ठिकठिकाणी दगडधोंड्यांचे उंचवटे आहेत, हिमनद्यांनी मागे टाकलेले. यांना इथे रीफ म्हणतात. भोवती वीस-पंचवीस फूट पाणी आणि उंचवट्याच्या माथ्यावर आठ-दहा फूट. दगडांच्या फटींत खेकड्यासारखे क्रेफिश आणि लहान मासे राहतात, आणि संध्याकाळी वॉलआय उतारावरून चढून माथ्यावर येतो.

या दगडांत तळाला घासत जाणारा गळ टाकला तर तो पाच मिनिटांत कपारीत अडकतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रेनर्ड गावच्या लिंडनर बंधूंनी तळावरून ओढत न्यायची एक जोडणी लोकप्रिय केली, ती सपाट तळावर अजूनही उत्तम आहे. होडी हळूहळू चालवत विस्कळीत मासे शोधायचे असतील तर तीच घ्यावी. बॉबरने मासे शोधायला जाऊ नये, त्यात दिवस जातो. पण मासा कुठे आहे हे कळल्यावर, आणि ती जागा बैठकीच्या खोलीएवढी लहान, दगडांनी भरलेली असेल तर बॉबरसारखं दुसरं साधन नाही. दगडांच्या एक फूट वर आमिष टांगून ठेवता येतं आणि ते तिथेच राहतं. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर मासे मंदावतात, कशामागे धावत नाहीत. तेव्हा तोंडासमोर टांगलेलं आमिष त्यांच्याच्याने सोडवत नाही.

‘एक फूट वर’ हे मी सहज लिहिलं, पण या मासेमारीतली खरी मेहनत तिथेच आहे. वॉलआयचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला. त्याला वर दिसतं, पोटाखालचं नीट दिसत नाही. आमिष त्याच्या पातळीवर किंवा थोडं वर असेल तर तो येतो. खाली असेल तर जणू नाहीच. म्हणून तळापासून सहा इंच ते दीड फूट हा पट्टा धरायचा. त्यासाठी आधी तळ किती खोल हे कळायला हवं, आणि ‘साधारण बारा फूट असेल’ असा अंदाज इथे चालत नाही. उंचवट्याच्या उतारावर होडी चार हात सरकली तरी खोली तीन फुटांनी बदलते.

होडीवर खोली दाखवणारं यंत्र असेल तर प्रश्न नाही. नसेल तर एक स्वस्त युक्ती आहे. गळाला चिमट्याचं जड शिसं लावायचं आणि फेकायचं. बॉबर आडवा पडला तर शिसं तळाला टेकलंय, दोरी जास्त झाली, गाठ गळाकडे सरकवा. बॉबर पाण्याखाली गेला तर शिसं अधांतरी आहे, दोरी कमी पडली, गाठ दूर न्या. असं करत करत बॉबरचं टोक पाण्याच्या बरोबर पातळीला आलं की तळाची खोली मिळाली. मग शिसं काढायचं आणि गाठ फूटभर गळाकडे घ्यायची. ही दहा मिनिटं कंटाळवाणी असतात आणि बहुतेक लोक ती वाचवतात. मग शेजारच्या होडीत मासे येत राहतात आणि आपण आपल्या नशिबाला बोल लावतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तोल. समजा तुमचा बॉबर पाच ग्रॅम वजन तोलू शकतो आणि तुम्ही खाली दोनच ग्रॅम शिसं लावलंत. म्हणजे बॉबर बुडवायला माशाला उरलेल्या तीन ग्रॅमच्या जोराशी झगडावं लागणार. आमिष तोंडात धरून तो निघाला की काहीतरी वर ओढतंय हे त्याला जाणवतं आणि तो थुंकून टाकतो. तेच साडेचार ग्रॅम लावलंत तर बॉबरचं फक्त रंगीत टोक पाण्यावर राहील आणि माशाने नुसती मान वळवली तरी ते खाली जाईल. म्हणून बॉबर बारीक आणि उभट घ्यायचा आणि छोट्या छोट्या गोळ्या एकेक करून लावत तो जेमतेम तरंगेल इतका भरायचा. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढतात तसा आग्रह इथे शिशाचा करायचा, फक्त नको म्हणायच्या आधी एक गोळी थांबायचं. लाटा मोठ्या असतील तर थोडी सूट द्यावी, नाहीतर प्रत्येक लाट मासा वाटते.

शिसं म्हणतोय खरा, पण ते शिशाचं नसलं तर बरं. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून हा पाणपक्षी दगड गिळतो, पोटात अन्न दळायला. तळाशी पडलेली शिशाची गोळी त्याला दगडच वाटते, आणि एक गोळी त्याला मारायला पुरते. कथलाच्या, बिस्मथच्या, टंगस्टनच्या गोळ्या मिळतात. टंगस्टन महाग, पण शिशापेक्षा जड, म्हणून गोळी लहान लागते.

आता आमिष. मे महिन्यात पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तेव्हा जिवंत छोटे मासे चांगले. पाणी तापलं की जळू. होय, जळूच. सह्याद्रीत पावसाळ्यात पायजम्यातून वर चढते तिची बहीण. बायकोने हे ऐकून पहिल्यांदा जे तोंड केलं ते मी अजून विसरलो नाही. पण इथे आमिषाला वापरतात ती फितीसारखी चपटी जळू रक्त पीत नाही. ती बारीकसारीक किडे आणि मेलेलं काहीबाही खाते. हाताला चिकटते तेवढीच, चावत नाही. आमिषाच्या दुकानात ती डझनावर मिळते, आणि थंड, स्वच्छ पाण्यात फ्रिजमध्ये कित्येक दिवस टिकते. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं. दह्याच्या डब्यासारखा डबा घेऊ नये.

जळू गळाला लावायची ती तिच्या रुंद टोकाच्या चूषकातून, म्हणजे ज्या चकतीने ती चिकटते तिच्यातून. त्यामुळे ती गळाला लटकून सगळं अंग ताणून पोहत राहते, वाऱ्यावर रिबीन फडफडते तशी. मध्येच टोचली तर ती गोळा होऊन गळाला मिठी मारते, आणि गोळा झालेली जळू बघून कुठल्याच माशाला भूक लागत नाही. थंड पाण्यातही ती अशीच आखडते, म्हणून मे महिन्यात तिचा उपयोग कमी. गळ लहान घ्यावा, सहा किंवा चार नंबरचा. मोठ्या गळाच्या वजनाने जळू दमते.

बॉबर उभा राहिला, गळ जागेवर आहे, आता काय करायचं? काही नाही. लाटांवर बॉबर वर-खाली होतो तसं खाली आमिषही नाचतं, ते काम वारा फुकट करतो. होडी उंचवट्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला नांगरावी, म्हणजे फेकलेला बॉबर वाऱ्याने आपोआप दगडांवरून सरकत जातो. फक्त दोरीकडे लक्ष हवं. वाऱ्याने पाण्यावरच्या दोरीला पोट येतं आणि ते पोट बॉबरला ओढत नेतं. अधूनमधून काठी उचलून दोरी वाऱ्याच्या बाजूला टाकायची.

मासा लागण्याचे प्रकार बरेच आहेत, आणि बॉबर झपकन गायब होणं हा त्यातला एकच. कधी बॉबर तिरपा होऊन हळूच चालायला लागतो, तेव्हा मासा आमिष तोंडात धरून त्याच खोलीवर फिरतोय. कधी उभा बॉबर आडवा पडतो, म्हणजे माशाने आमिष वर उचललं, वजन गेलं. बॉबर दोनदा थरथरून थांबला तर बहुधा पर्चचं पिल्लू जळू कुरतडतंय. आणि कधी तो इतक्या सावकाश बुडतो की आपल्याला वाटतं दोरी भिजून जड झाली असेल. तोच बहुतेक मोठा असतो.

इथे गावाकडची सवय आड येते. बांबूच्या काठीने गरवताना बूच बुडालं की लगेच झटका. इथे तसा झटका दिला की हाताला फक्त ओला बॉबर येतो. कारण दोरी काठीपासून बॉबरपर्यंत पाण्यावर आडवी आणि तिथून खाली उभी, असा काटकोन झालेला असतो. झटक्याचा सगळा जोर ते वळण सरळ करण्यात जातो, माशाच्या जबड्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणून बॉबर बुडाला की काठी माशाच्या दिशेने खाली करायची, ढिली दोरी गुंडाळायची, आणि खाली काहीतरी जिवंत जड आहे असं हाताला जाणवलं की काठी बाजूला लांब, दमदार ओढायची. यासाठी सात-आठ फुटांची लांब, शेंड्याला मऊ काठी बरी. एका ओढीत बरीच दोरी उचलली जाते.

फार वाटही बघायची नाही. उशीर झाला की वॉलआय गळ गिळतो आणि तो पोटात रुततो. असा मासा ठेवायचा नसेल तर गळ उपसून काढू नये, दोरी तोंडाजवळ कापून सोडून द्यावा. गोल वळणाचे गळ मिळतात, ते बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच लागतात. त्यांना तर झटकाही लागत नाही, नुसतं गुंडाळत राहायचं. तीस फुटांच्या खालून वर ओढलेल्या माशाचा हवेचा फुगा दाब बदलल्याने ताणतो. पाणी गरम असेल तर सोडलेल्यांपैकी आणखी मरतात. म्हणून भर उन्हाळ्यात खोल पाण्यात ‘धरा आणि सोडा’ खेळण्यात फारसं पुण्य नाही.

हे सोडण्याचं एवढं का, तर नियम कडक आहेत आणि त्यांना कारण आहे. सोळा आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला परवाना लागतो. २० इंचांवरचा एकच वॉलआय ठेवता येतो, आणि काही तळ्यांचे नियम याहून वेगळे, दरवर्षी बदलणारे. मिल लॅक्सचे तर सगळ्यात जास्त. १८३७ च्या तहाने ओजिब्वे लोकांनी इथला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्यामुळे किती मासा काढायचा हे राज्य आणि ओजिब्वे जमाती मिळून ठरवतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राज्याचा वाटा संपला म्हणून हंगाम चालू असतानाच वॉलआय ठेवणं बंद झालं, आणि काठावरच्या हॉटेलवाल्यांचे धाबे दणाणले. उत्तरेच्या रेड लेकवर तर १९९९ ते २००६ पर्यंत वॉलआयची मासेमारी पूर्ण बंद होती, मासा परत यावा म्हणून. तो आला.

मिल लॅक्समध्ये २००५ साली झेब्रा मसल नावाचे परदेशी शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे तळ्याचं पाणी पूर्वीपेक्षा नितळ झालंय. नितळ पाणी आपल्याला छान वाटतं, पण अंधारात जेवणाऱ्या माशाची त्यात पंचाईत होते. असे पाहुणे एका तळ्यातून दुसऱ्यात होडीच्या पाण्यातून जातात, म्हणून निघताना होडीचं बूच काढून सगळं पाणी ओतणं कायद्याने सक्तीचं आहे. उरलेलं आमिषही पाण्यात टाकायचं नाही. गांडुळं तर काठावरच्या झाडीतही टाकायची नाहीत, कारण मिनेसोटातलं एकही गांडूळ मूळचं तिथलं नाही, आणि ती जंगलातला पालापाचोळा फस्त करून जमीन उघडी पाडतात. शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेत शिकलेल्या प्राण्याला कचऱ्याच्या डब्यात टाकताना माझा हात पहिल्यांदा अडखळला होता.

अंधार पडल्यावर थांबायची तयारी असेल तर बॉबरच्या टोकाला बारीक दिवा असलेला प्रकार घ्या. आत नखाएवढी बॅटरी असते. जुलैमध्ये साडेनऊच्या पुढे काळोख होतो, मोठमोठे डास येतात, आणि दगडांच्या माथ्यावर सहा-सात फूट पाण्यात वॉलआय येतो. तिथे गाठ गळाकडे सरकवायला विसरू नका, संध्याकाळी लावलेली खोली रात्री जास्त होते. दिवा बुडताना विझत नाही. तो हिरवा ठिपका पाण्याखाली उतरत जातो, मोठा आणि अंधुक होत.

घरी आणल्यावर पाठीच्या काट्यांपासून आणि गालाजवळच्या धारदार झाकणापासून बोटं सांभाळायची. दोन्ही बाजूंचं मांस काढलं आणि फासळ्या सोडवल्या की काटा जवळजवळ राहत नाही. आम्ही कोकणी माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतो, चिखलाचा वास येतो म्हणून. याला येत नाही. इथले लोक काठावरच लोखंडी तव्यात तो बटाट्यांबरोबर तळतात. मी हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवतो. मोठ्या माशाचे गाल फेकू नका. रुपयाएवढ्या दोन गोल वड्या निघतात, आणि त्या स्वयंपाक करणाऱ्याने पानं मांडायच्या आधी ओट्याशीच खायच्या असतात.